शेवटच्या डब्यावरची गुंज

सनाबिस, बहरीन
शुक्रवार, २० नोव्हेंबर १९८७

प्रिय शेवंती,

आज सुट्टी. सकाळी चार शर्ट धुऊन गच्चीवर वाळत घातले. भात आणि आमटी केली, बाराला जेवलो. आता तीन वाजले आहेत. उत्तरेचा वारा सुटला आहे, थंडी यायला लागली. स्मिता पोरांच्या शाळेसाठी सावंतवाडीला राहायला गेल्यापासून सुट्टीचा दिवस असाच जातो.

रावजीच्या घरून वहिनीचं पत्र मंगळवारी मिळालं. रावजी गेल्याचं गावातल्या बाबल्याच्या फोनवरून आधीच कळलं होतं, पण पत्रात सगळं सविस्तर होतं. भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तुझा भाऊ गेला. दहाव्याला तू आली नाहीस, तेराव्यालाही आली नाहीस. वहिनीने तक्रार म्हणून लिहिलेलं नाही, नुसतं लिहिलं आहे.

हे पत्र पोस्टाने न पाठवता आपल्या वरच्या वाडीच्या गुंडूच्या हातून पाठवतो आहे. तो गुरुवारी रजेवर निघतो. तू चौथीपर्यंत शिकलीस ती माझ्याच जुन्या पुस्तकांवर, म्हणून अक्षर मोठं आणि सुटं काढतो. आधी एकटीने वाच. कुणाकडून वाचून घेऊ नकोस, मुलाकडूनही नको. मला पत्रं लिहिण्याची सवय ऑफिसच्या कामापुरती आहे, त्यामुळे मागेपुढे होईल.

रावजीला मी इथे आणलं ते शहात्तर साली. मी दोन वर्षं आधी आलो होतो, कंपनीत क्लार्क म्हणून. सलमाबादच्या वर्कशॉपला चांगला सुतार हवा होता. रावजीच्या हाताबद्दल तुला मी काय सांगावं? तुझ्या लग्नातला पाट त्यानेच केला होता. इथे त्याला दरवाजे आणि पॅकिंगच्या पेट्या करायला लावल्या. तो कामगारांच्या कॅम्पात राही. माझ्या ऑफिसात येऊन बाकावर बसे, चहा घेई, दोन शब्द बोलून जाई. आम्ही दोघंही फार बोलणारे नव्हतो, म्हणून बरं चालायचं.

आमचे वर्कशॉप मॅनेजर विल्मॉट साहेब. इंग्लंडच्या पश्चिमेकडच्या एका खेड्यातले. कंपनीत येण्याआधी तरुणपणी ते तिथल्या एका आडवळणाच्या रेल्वेवर मालगाडीचे गार्ड होते. एकच रूळ, चार स्टेशनं, दिवसाला एक मालगाडी. जाताना कोळसा, खत आणि गुरांचं खाद्य न्यायची, येताना लाकूड आणि दगड आणायची. प्रत्येक स्टेशनात थांबून एकदोन वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, सोडायच्या, एकदोन जोडून घ्यायच्या. पुढे तो मार्ग बंद झाला, रूळही उखडले. साहेबांची बायको इथे यायला तयार नव्हती. एकटा माणूस. बुदैया रस्त्यावरच्या बंगल्यात एक खोली रिकामी होती, तिथे त्यांनी तो मार्ग पुन्हा घालायचं ठरवलं, खेळण्याएवढा. त्यांनी सुतार मागितला आणि मी रावजीचं नाव दिलं.

आपल्या गावाने रेल्वे पाहिलेली नाही. रावजीने मुंबईत एजंटाकडे आठ दिवस काढले तेव्हा लांबून काय दिसली असेल तेवढीच. आणि या बहरीनमध्येही रेल्वे नाही. आता सौदीला जायला समुद्रातून पूल झाला आहे, त्यावरून दिवसभर ट्रक चालतात, पण रूळ कुठेही नाहीत. अशा ठिकाणी आपला रावजी दर शुक्रवारी इंग्लंडची मालगाडी घडवायला जाऊ लागला.

इंजीन आणि चाकं इंग्लंडहून आली. बाकी सगळं त्याच्या हातचं. मशिनं ज्या पेट्यांतून येत त्यांच्या फळ्यांचं टेबल त्याने खोलीच्या तीन भिंतींना लागून केलं. त्याच फळ्यांतून कोरून एकेक वाघीण केली. कोळशाची उघडी, खताची झाकलेली, लाकडाची नुसती खुंट्यांची. इंजीन डिझेलचं होतं, हिरव्या रंगाचं, वीतभर लांबीचं. रावजीने पहिल्या दिवशी विचारलं होतं, धूर खंयसून येतलो? साहेब हसले आणि मोडक्या हिंदीत म्हणाले, धुआँ खलास, रावजी, ये नया जमाना. शेतांच्या कडेला कुंपण कसं असतं ते साहेबांनी चित्र काढून दाखवलं. दगडांची रचलेली भिंत होती ती. रावजी म्हणाला, ह्यो तर गडगो. आणि त्याने आपल्याकडे रचतात तसा हरभऱ्याएवढ्या खड्यांचा गडगा रचला. साहेब बराच वेळ वाकून बघत राहिले. मग म्हणाले, हेच, असंच.

ऑफिसात वसईचा व्हिक्टर होता, माझ्या शेजारच्या टेबलावर. तो रावजीची फार थट्टा करी. अरे रावजी, तुझ्या गावात एसटी कधी वेळेवर येत नाही आणि तू गोऱ्याच्या मालगाडीचं टाइमटेबल पाठ करतोस? रावजी शांतपणे सांगे, दहा चाळीसाक सुटता, बाराक धा कमी असताना तिसऱ्या टेसनार. तो खरंच पाठ करत होता. जेवायला बसला तरी मला सांगे की गार्डाचा डबा सगळ्यात शेवटी, त्यात शेगडी असते, हाताने फिरवायचा ब्रेक असतो, आणि डब्याच्या पाठीवर लाल दिवा. तो दिवा फार महत्त्वाचा. स्टेशनावरचा माणूस गाडी गेली की आधी दिवा बघतो. दिवा दिसला म्हणजे गाडी पुरी आली. दिसला नाही तर काहीतरी मागे सुटून राहिलं आहे, मग तो दुसरी गाडी सोडत नाही. तुला आठवत असेल, तो निघताना काकीने, तुमच्या आईने, त्याच्या पाकिटात दृष्ट लागू नये म्हणून दोन लाल गुंजा घातल्या होत्या. त्यातली एक त्याने गार्डाच्या डब्याच्या पाठीवर बसवली. साहेब म्हणाले, दिवा मापाने मोठा झाला. पण काढायला सांगितलं नाही.

हे सगळं तुला सांगतो आहे कारण तुझा समज असा आहे की तो खेळण्याला भुलला होता. भुलला होता, खरं आहे. त्यात वाईट काही नव्हतं. दिवसभर पेट्या ठोकणाऱ्या माणसाला कुणीतरी त्याच्या हाताजोगतं काम दिलं होतं.

आता तारेबद्दल.

इथे तार आली की तिचा अर्थ कसा लावायचा हे सगळ्यांना ठाऊक असतं. गावाकडून कधीच ‘वारले’ असं येत नाही. परक्या मुलखात माणूस एकटा, विमानात त्याला काही होऊ नये, म्हणून ‘सिरियस, ताबडतोब निघा’ एवढंच लिहितात. माझ्या वडिलांची तार तशीच आली होती, पंच्याहत्तर साली. मी वाटेत देवाला नवस बोलत गेलो आणि घरी पोचलो तेव्हा बारावा चालला होता. त्यानंतर कॅम्पात पाचसहा तारा माझ्याच हातून गेल्या, एकही माणूस जिवंत भेटला नाही. ‘सिरियस’ शब्द ऐकला की लोक तिथेच खाली बसून रडायला लागत. व्हिक्टर म्हणायचा, सिरियस म्हणजे खलास, बाबा, फक्त तिकीट काढायचं.

काकीची तार मंगळवारी आली. तेरा फेब्रुवारी एकोणऐंशी, सकाळी दहाच्या सुमारास. ऑफिसचं टपाल मीच फोडत असे. ‘मदर सिरियस स्टार्ट इमिजिएटली शेवंती.’

मी व्हिक्टरलाही दाखवली नाही. शर्टाच्या खिशात ठेवली.

का, ते लिहितो. त्या शुक्रवारी, सोळा तारखेला, साहेबांची गाडी पहिल्यांदा सगळ्यांसमोर चालायची होती. कंपनीचे मोठे साहेब आणि इंग्रज कुटुंबं येणार होती. आणि त्याच आठवड्यात हवेतल्या दमटपणाने टेबलाची एक फळी फुगली होती. यार्डाजवळच्या सांध्यावर वाघिणी रुळावरून उतरत होत्या. तो सांधा रावजीशिवाय कुणाला बसवता येत नव्हता, तो बुधवारी आणि गुरुवारी जाणार होता. दुसरी गोष्ट, माझा फॅमिली व्हिसाचा अर्ज साहेबांच्या टेबलावर पडला होता. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि स्मिता आणि मी मिळून चार महिने एकत्र राहिलो नव्हतो. साहेबांची शिफारस हवी होती. ते म्हणाले होते, शुक्रवार होऊन जाऊ दे, सदानंद, मग शांतपणे बघू.

मी मनाशी म्हटलं, काकी गेली आहे. आज सांगितलं काय आणि शनिवारी सांगितलं काय, तो पोचेपर्यंत अग्नी दिलेलाच असणार. तीन दिवस त्याला सुखाचे मिळतील, असंसुद्धा म्हटलं. हे शेवटचं मी नंतर जोडलं की तेव्हाच मनात होतं, आता सांगता येत नाही.

शुक्रवारी मीही बंगल्यावर गेलो होतो. दारात उभा होतो, तार खिशातच. तोच शर्ट नव्हता, पण सकाळी कपडे बदलताना ती मी या खिशातून त्या खिशात घातली होती. साहेबांनी रावजीला गार्ड केलं होतं. गळ्यात शिटी, हातात हिरवं निशाण. दहा चाळीसला त्याने शिटी फुंकली आणि गाडी निघाली. सांध्यावर आली तेव्हा साहेबांनी श्वास रोखला होता, मी बघत होतो. बारा वाघिणी एकामागून एक अल्लद गेल्या, शेवटी गार्डाचा डबा, त्यावर काकीची गुंज. मडमांनी टाळ्या वाजवल्या. रावजी असा हसत होता की मी त्याला तसं हसताना लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. गर्दीतून माझ्याकडे आला आणि कानाशी म्हणाला, सदा, ह्यां आवशीक दाखवक व्हया. त्याच्याच सांगण्यावरून साहेबांनी त्याचा गाडीबरोबर फोटो काढला, लगेच फोटो बाहेर पडणाऱ्या कॅमेऱ्याने, आणि मागे तारीख घालून दिला. काकीसाठी काढलेला फोटो होता तो, शेवंती. तोच तुला त्याच्या खिशात सापडला.

मी तेव्हाही बोललो नाही. तेव्हा बोललो असतो तर तो निदान शनिवारी निघाला असता.

शनिवारी सकाळी त्याला ऑफिसात बोलावलं आणि सांगितलं, तार आली आहे, काकी सिरियस आहे. कधी आली, त्याने विचारलं. मी म्हटलं, आत्ता. तो खाली फरशीवर बसला. गेल्याचंच धरून बसला. रजेचे कागद, पासपोर्ट, तिकीट सगळं मी दोन तासांत केलं. एवढ्या लवकर मी कुणाचं काम केलेलं नाही. रविवारी दुपारच्या विमानाने तो गेला. सोमवारी साहेबांनी माझ्या अर्जावर सही केली.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तो मंगळवारी पोचला. तू ओटीवर होतीस. काकी रविवारी दिवेलागणीला गेली होती. तार करायला तू स्वतः तीन मैल चालत गेली होतीस, आणि पोस्टातल्या बाळाजी मास्तरांनी नेहमीप्रमाणे हळूच विचारलं की गेली आहे का, म्हणजे तसं लिहू, तेव्हा तू त्यांच्यावर ओरडलीस, माजी आवस जिती आसा. हे मला वहिनीने सांगितलं, त्र्याऐंशीच्या रजेत. इतक्या तारांत एकच तार खरी होती, ती तुझी. काकी पाच दिवस दर एसटीच्या वेळेला विचारत होती, रावजी इलो काय? तो बुधवारी निघाला असता तर शुक्रवारी तिच्याजवळ असता.

तू त्याला आत येऊ दिलं नाहीस. फोटोच्या मागची तारीख वाचलीस आणि म्हणालीस, सायबाच्या खेळण्यापायी आवशीक इसरलंस. तो म्हणाला तार शनिवारी मिळाली. तू म्हणालीस, मास्तर सांगतत दुसऱ्या दिसाक पोचता. दोघंही खरं बोलत होतात.

महिन्याने तो परत आला. माझ्या टेबलासमोरच्या बाकावर बसला, डोक्यावर केसांचे खुंट आले होते. म्हणाला, सदा, ती आयतवारी गेली, सांजवेळी. मी वार मोजले. मोजायला काही वेळ लागत नाही. तो माझ्याकडे बघत होता की भिंतीवरच्या कॅलेंडरकडे, ते मला आजही सांगता येणार नाही. इथे प्रत्येक जण आपली तार मागून घेतो, जपून ठेवतो. माझी माझ्या ट्रंकेत आहे. रावजीने त्याची तार माझ्याकडे कधी मागितली नाही. त्या दिवशी नाही, पुढे सहा वर्षांत नाही. आम्ही रोज चहा प्यायलो.

साहेबांकडे तो पुन्हा जाऊ लागला. काही बिघडलं तर दुरुस्त करी, पण शिटी त्याने परत हातात घेतली नाही. साहेबांनी एकदोनदा म्हटलं, मग सोडून दिलं. मे महिन्यात स्मिता आली. आमच्या संसाराला रावजीने पलंग करून दिला, त्याच पेट्यांच्या फळ्यांचा, एक खिळा न मारता. मी आजही त्यावर झोपतो.

एक्याऐंशीची दिवाळी मी गावी होतो. तू मला ओवाळलंस. ताटातल्या दिव्यामागे तुझं तोंड दिसत होतं आणि तू म्हणालीस, सदादादा, माका आता तुझ्याशिवाय भाव नाय. मी ओवाळणी घातली आणि करंजी खाल्ली. परत आल्यावर रावजीने विचारलं, शेवंती बरी आसा? मी म्हटलं, बरी आहे. ओवाळल्याचं सांगितलं नाही.

साहेब त्र्याऐंशीत इंग्लंडला परत गेले. गाडी मोडून खोक्यांत भरून नेली. गार्डाचा डबा तेवढा रावजीला देऊन गेले. पंच्याऐंशीत दम्याने रावजीला काम होईना, कंपनीने घरी पाठवलं. निघायच्या दिवशी तो डबा घेऊन माझ्याकडे आला, टेबलावर ठेवला आणि म्हणाला, ह्यो तुझ्याकडे रवांदे. एअरपोर्टवर त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, मुहर्रकच्या पुलापर्यंत मला तो हात जाणवत होता.

वहिनी लिहिते की दहाव्याला कावळा शिवला नाही. दुपार टळेपर्यंत सगळे उभे होते. मुलांना सांभाळू म्हटलं, घराचं छप्पर करू म्हटलं, पण शिवला नाही. कुणीतरी म्हणालं, बहिणीक बोलवा. तुझ्याकडे माणूस पाठवला, तू आली नाहीस. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. माझा या गोष्टींवर किती विश्वास आहे ते मला माहीत नाही. पण हे वाचलं आणि तीन दिवस मला ऑफिसात बेरीज जमली नाही.

या पत्राबरोबर ती तार आहे. आठ वर्षं माझ्याकडे होती. वरच्या कोपऱ्यात इथल्या पोस्टाचा शिक्का बघ, तेरा फेब्रुवारी. खाली ऑफिसचा शिक्का, तीच तारीख, आणि बाजूला माझी सही. गुंडू गार्डाचा डबाही आणेल, कापडात बांधला आहे, गुंज शाबूत आहे. मी माफी मागत नाही. ती मागायची होती त्याला, आणि मला सहा वर्षं समोरासमोर मिळाली होती. तुझ्याकडे एवढंच मागतो. वर्षश्राद्धापर्यंत थांबू नकोस, महिन्याचं पान येत्या बुधवारी आहे, पण गुंडू त्यानंतर पोचेल, म्हणून पुढच्या महिन्याच्या पानाला माहेरी जा. डबा काकीच्या फोटोखाली ठेव. तिला दाखवायचा राहिला होता. सुरुवातीला मी म्हटलं होतं एकटीने वाच, ते वाचून झालं. आता ओटीवर सगळे बसले असतील तेव्हा हे पत्र मुलाकडून मोठ्याने वाचून घे, माझ्या नावासकट, आणि तार हातोहात फिरव. मग भावासाठी पान वाढ. पुढच्या भाऊबीजेला मी गावी असलो तरी तुझ्या दारात येणार नाही, त्याची चिंता करू नकोस. वर गच्चीवर शर्ट वाळले असतील. उद्या ऑफिस आहे. ते काढून आणतो आणि इस्त्री करतो.

तुझा म्हणवून घेत आलेला,
सदानंद